ज्याचा हात दोराला

१

रापण ओढायला हौशी पाहुणे आले की माझ्या कपाळाला आठ्या पडतात, हे आधीच सांगून टाकते. यांना समुद्र हवा असतो, फोटो हवा असतो, आणि किनाऱ्यावर रापणकरांच्या रांगेत उभं राहून समुद्रातल्या जाळ्याचा दोर ओढतानाचा व्हिडिओ हवा असतो. ओढतात घटकाभर, आणि मग पिशवीत बांगडे घेऊन माझ्या पडवीत हजर. कारण आमच्या वाडीत रापणीचा कायदा एकच आहे: दोराला ज्याचा हात लागला, त्याला वाटा. मग तो रापणीचा म्होरक्या तांडेल असो, नाही तर काल एसटीतून उतरलेला पाहुणा असो. आणि तो वाटा साफ कोण करणार? मी. तळणार कोण? मी. बरं, काटे आहेत म्हणून तोंडं वाकडी करणार तेच.

तेव्हा माझ्याकडे देवेश नावाचा नाशिकचा मुलगा महिनाभरासाठी राहिला होता. समुद्राकडची खोली त्याची. ऑफिसचं काम इथूनच करतो म्हणे. पोरगा वाईट नव्हता, मला ताई म्हणायचा, आईला आजी. त्या सकाळी तोही दोर ओढायला गेला होता. मी चुलीपाशी त्याच्याच घावण्यांचं बघत होते आणि आई पडवीत बसली होती, समुद्राकडे तोंड करून, नेहमीसारखी. माझा धाकटा भाऊ गुरुदास दोन वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला. होडी परत आली, तो आला नाही. तेव्हापासून आईनं किनाऱ्यावर पाय ठेवला नाही आणि त्याचे दिवसही घालू दिले नाहीत.

रापण ओढताना पुरुष मोठ्यानं आरोळ्या देतात. त्या थांबल्या की समजायचं जाळं आलं, आणि लगेच मासळीवरून भांडणं सुरू होतात. इतक्या वर्षांची सवय आहे कानांना. त्या दिवशी आरोळ्या थांबल्या आणि भांडण काही सुरू झालं नाही. घावणा तव्यावर करपला तरी मी तशीच उभी होते. शेवटी आईच म्हणाली, "बघ गो जावन, काय झाला ता."

२

जाळ्याच्या खोळीत तारल्या उड्या मारत होत्या आणि त्यांच्यामध्ये गुरुदास उताणा पडला होता. काळ्या कातळाचा.

मी आधी चिडलेच. म्हटलं, कोणी तरी घडवून समुद्रात टाकलाय, आजकाल काय वाट्टेल ते करतात. पाण्याखाली मूर्ती ठेवून लोकांना बुडी मारून दाखवतात म्हणे कुठे कुठे. मग मी त्याच्या पायांकडे पाहिलं. आमच्या घरात सगळ्यांची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली असते. बाबांची होती, माझी आहे. त्या दगडाचीही होती. हनुवटीवर शाळेतल्या पडण्याची खूण होती. हाफपँट, कॉलरचा शर्ट, दोन्ही हात अंगालगत सरळ, तळवे उघडे. एवढं कोण घडवणार, आणि कशासाठी?

आजूबाजूचे सगळे पाण्यानं निथळत होते, जाळं निथळत होतं, आणि तो कोरडा होता. मी त्याच्या गालाला हात लावला. उन्हात ठेवलेल्या पाट्यासारखा गरम. सकाळ होती, ऊन अजून धड वरही आलं नव्हतं.

मला वाटलं, आता कोणी तरी ओरडेल, कोणी तरी देवाचं नाव घेईल. आमचा तांडेल बाबलीकाका, म्हणजे बाबांचा चुलतभाऊ, डोक्याचा टॉवेल काढून तोंड पुसत होता. तो शांतपणे म्हणाला, "मगे, हेचे वाटे कसे घालूचे?"

आणि बाकीचे विचार करायला लागले. खरंच सांगते, विचार करायला लागले.

३

माणूस दगड कसा झाला, हे एकानं म्हणून विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, तो कोणाचा. मला आजही त्याचा राग येतो. राग येतो म्हणून बरं, नाही तर दुसरं काय यायचं ते आलं असतं.

गुरुदासला हातगाडीवरून वर आणला आणि आमच्या अंगणात उभा केला. आई पायऱ्या उतरून आली. तिनं त्याच्या डोक्यावरून, खांद्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माझो झील हो. घरात घेवा तेका."

"वैनी, तुमचो झील, कोण नाय म्हणता?" बाबलीकाका म्हणाला. आवाज अगदी मऊ होता त्याचा. "पण रापणीत गावलो. रापणीत गावला ता दोर धरणाऱ्यांचा. तुमचो हात दोराक नाय होतो."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "तुझो गो?"

माझा कसा असणार? मी घावणे घालत होते. नाशिककर पाहुण्याला गरम गरम मिळावेत म्हणून. त्या पाहुण्याचा हात होता दोराला. जन्म देणारीचा वाटा नाही, बहिणीचा नाही, आणि परवा आलेल्या देवेशचा आहे. हा असला न्याय.

मी म्हटलं, "मी पोलिसांत जातंय."

"जा," काका म्हणाला. "काय सांगशीत? भाऊस गावलो म्हणान, की मूर्ती गावली म्हणान? भाऊस गावलो म्हटलंस तर मेलो म्हणान लिवन घेतले. मूर्ती म्हटलंस तर सरकार घेवन जायत. खंयचा होया तुका?"

आई मध्येच म्हणाली, "मेलो म्हणान कोणी लिवचा नाय." झालं. माझं तोंड तिनंच बंद केलं.

शेवटी पाळी ठरली. मासळीसारखा तोडून वाटता येत नाही, तर ज्यांनी ज्यांनी दोर धरला होता, त्यांच्या घरी गुरुदासनं एकेक दिवस राहायचं. तांडेल म्हणून पहिली पाळी बाबलीकाकाची. गाडी निघाली तेव्हा आई चपला न घालताच मागून चालायला लागली.

४

त्यानंतर माझा भाऊ वाडीत हातगाडीवरून फिरायचा आणि आई त्याच्या मागून. ज्या घरात तो असेल त्या घराच्या पायरीवर ती दिवसभर बसायची. लोक तिला चहा द्यायचे, "बसा, बसा" म्हणायचे. पोटच्या पोराकडे पाहुणी म्हणून जायची वेळ आली बाईवर. संध्याकाळी मी तिला ओढून घरी आणायची. घरचं काम पडलेलं, कट्ट्याच्या बाजारातून भाजी आणायची राहिलेली, आणि मी हिच्यामागे वाडीभर.

हातांचं माझ्या लक्षात आलं ते तेव्हाच. काकाच्या घरून तो बाहेर आला तेव्हा तळवे अर्धवट मिटलेले होते. दोन घरं पुढे गेला आणि कोपरं वाकलेली दिसली. मी स्वतःला दटावलं. म्हटलं, रूपाली, दगड आहे तो, उन्हाची तिरीप वेगळी पडते, तू वेगळ्या बाजूनं बघतेस. आणि देवेशला त्याच्या फोनमधला पहिल्या दिवसाचा फोटो काढायला लावला. फोटोत हात सरळ, तळवे उघडे.

तो फोटो नेऊन काकाच्या नाकासमोर धरला. त्यानं बघितला, फोन परत दिला. "पयल्यापासून तसोच आसा तो," म्हणाला.

"अरे, हय बघ ना, हात खाली आसत."

"तसोच आसा गो."

भिंतीशी बोलावं तसं. मी चिडून मागच्या वाटेनं निघाले, तर काकाची सून विहिरीवर उभी होती. रहाटाचा दोर दोन्ही हातांत, कळशी अर्ध्यावर लोंबकळत होती. मी हाक मारली. नजर पाण्यात होती तिची, हलली नाही. ओठांवर माशी बसली, तरी नाही. मी जवळ जाऊन पुन्हा हाक मारली आणि तेव्हा एकदम तिनं कळशी वर ओढली, माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "कधी इलंस गो?" म्हटलं, दमली असेल. घरात कमी काम आहे का तिला.

पण मग दुकानात तेच. तिठ्यावर तेच. माणूस बोलता बोलता थांबायचा, आणि थांबलेला राहायचा. मी उभी राहून वाट बघायची. मग तो पुढचा शब्द बोलायचा, मध्ये काही झालंच नाही असं. सगळे दोर ओढणारेच होते असं मला वाटायला लागलं, आणि मी ते मनातून झटकून टाकलं. वाडीत दोर न ओढलेलं असतं कोण?

५

देवेशची पाळी आली. म्हणजे गुरुदास आमच्याच घरात आला, पण पाहुण्याच्या खोलीत, पाहुण्याचा म्हणून.

मी देवेशला बाहेर बोलावलं आणि हात जोडले. म्हटलं, "तुझा वाटा आईला दे. तुला काय करायचाय तो?"

"घ्या की ताई," तो म्हणाला. "मला तर झोपच लागणार नाही त्यांच्यासमोर."

मी धावत काकाकडे. काका जाळं शिवत बसला होता. त्यानं मान हलवली. "मासो दिल्यान तर चलता. माणूस कसो देतलो? जेणी ओढल्यान तेचोच."

काय करणार? मी आईला देवेशच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर पाट मांडून दिला. तिनं तिथंच जेवण केलं. आत गुरुदास खिडकीशी उभा होता, समुद्राकडे तोंड करून. त्याचे हात आता पुढे आले होते, एक मूठ पुढे, एक मागे, मधे जागा. आई बराच वेळ त्या मुठींकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तेका दोर होयो गो."

"आये, गप बस," मी म्हटलं.

दुपारी मी भांडी घासत होते. खोलीत देवेशची मीटिंग चालू होती. लॅपटॉपमधून बायकापुरुषांचे आवाज येत होते, हसत होते. मग एक बाई म्हणाली, "देवेश, नेट गेलंय का तुझं? तू हलत नाहीयेस." दुसरा म्हणाला, "मागचा पडदा तर हलतोय त्याच्या." हसणं थांबलं. "देवेश? देवेश?"

मी हात न पुसताच गेले. पडदा वाऱ्यानं हलत होता. देवेश खुर्चीत बसला होता, तोंड अर्धवट उघडं, डोळे खिडकीच्या दिशेनं. त्याचे हात टेबलावर होते, एक पुढे, एक मागे. मी खांदा धरून गदागदा हलवला. अंग गरम होतं, पण जड. काही क्षण तर खुर्ची हलत होती, तो नाही. मग त्यानं पापणी मिटली आणि वाक्य पुरं केलं, "तर शुक्रवारपर्यंत देतो."

"तू घरी जा नाशिकला," मी म्हटलं. "आजच्या आज."

"उद्या रापण आहे ना ताई," तो म्हणाला. "ती झाली की जातो."

संध्याकाळी बाबलीकाका स्वतःहून आला. आईकडे बघून त्याला पाझर फुटला असावा, किंवा मला तसं वाटलं. म्हणाला, "वैनी, उद्या तुमी येवा. दोराक हात लावा. मगे पाळयेत तुमका घेतंय. कोण काय बोलाचा नाय."

आईचा चेहरा एकदम उजळला. मी तिला सगळं सांगितलं. विहिरीवरचं, देवेशचं, हातांचं. ती म्हणाली, "माका म्हायत आसा. मी तेंच्या पायरयेर बसलंय ना."

६

मी भांडले, रडले, चपला लपवल्या. काही उपयोग झाला नाही. सकाळी ती पदर खोचून किनाऱ्यावर उभी होती आणि तिच्या कंबरेला मागून दोन्ही हातांनी विळखा घालून मी. म्हटलं, हात लाव दोराला आणि लगेच सोड. कायदा हात लावण्याचा आहे, ओढण्याचा नाही.

होडी जाळं टाकून आली. दोन्ही दोरांवर माणसं उभी राहिली. देवेश आईच्या पुढे होता. ओढायला सुरुवात झाली, पण आरोळी कोणी दिली नाही. नुसतं वाळूवर पाय रुतल्याचं ऐकू येत होतं. आईनं दोर धरला.

"झाला, सोड आता," मी तिच्या कानात म्हटलं.

तिनं सोडला नाही. दोर येत होता, मग येईनासा झाला. सगळे मागे रेलून उभे. आणि मग दोर जायला लागला. हळूहळू, एकसारखा. लाटेनं ओढतो तसा हिसक्यानं नाही. माणसं ओढतात तसा, पावलापावलानं.

"सोडा," बाबलीकाका म्हणाला, आणि सगळ्यांनी एकदम सोडला. आई एकटी धरून राहिली. मी तिला मागे खेचत होते, ती आणि मी दोघी वाळूत घासत पाण्यात गेलो. पाणी गुडघ्याशी आलं. मी तिच्या बोटांवर मारलं, खरंच मारलं, स्वतःच्या आईला.

"गुरु ओढता गो," ती म्हणाली. "कसो सोडू?"

तेव्हा लाट बसली आणि मला पुढचं दिसलं. पाठी होत्या. छातीभर पाण्यात एका ओळीत पाठी, काळ्या, आणि त्यांच्या खांद्यावरून आमचा दोर. ते आत चालले होते. मागे वळून कोणी बघत नव्हतं. किती होते ते मी मोजलं नाही, ओळ संपलेली मला दिसली नाही. सगळ्यात अलीकडचा एकटा कोरडा होता.

दुसरी लाट उठली आणि दोर सैल पडला. मी मागे कोसळायला हवं होतं. कोसळले नाही, कारण मी जिला धरलं होतं ती जागची हलली नाही. माझे हात तिच्या कंबरेभोवती होते आणि हातांखाली लुगडं नव्हतं, लुगड्याच्या चुण्या होत्या, कठीण, गरम. मी गाल तिच्या पाठीला लावला. आत काही वाजत नव्हतं. मी हात एकेक करून सोडवून घेतले, कातडी सोलवटली.

तिथून आमच्या घराची खिडकी दिसते. खिडकीत कोणी उभं नव्हतं.

७

ते सगळे पाण्यात आले. मला वाटलं, मला धरायला आले. त्यांनी आईला उचललं, चौघापाचांनी मिळून, सांभाळून, पाय दगडाला लागणार नाहीत असं. हातगाडी कोणी तरी आणलीच होती. आईचे दोन्ही हात पुढे होते, दोर धरल्यासारखे, आणि चेहऱ्यावर कालचाच उजेड होता. तो बघवत नव्हता मला.

"घराक न्हेवा," मी म्हटलं. "आमच्या घराक."

बाबलीकाका टॉवेलनं तोंड पुसत होता. "वैनीची पयली पाळी माझ्याकडे," तो म्हणाला. "मगे ह्या पावण्याकडे."

मला जे जे येत होतं ते सगळं मी बोलले. त्याला, त्याच्या सुनेला, देवेशला, सगळ्या वाडीला. आई माझी आहे म्हटलं, मीच तिला न्हाऊ घालते, मीच तिचे पाय चेपते, तुम्ही कोण मधले? मी तर तिथंच होते, सगळ्यांनी सोडली तरी मी सोडली नाही. माझा वाटा नाही तर कोणाचा?

काका ऐकून घेत होता. त्याला माझी दयाच येत होती, ते दिसत होतं. "पण रूपाली, तुझो हात दोराक खंय होतो?" तो म्हणाला. "तू आवशीक धरलेलंस."

बाकीच्यांनी माना हलवल्या. देवेशनंही. गाडीचं चाक वाळूत रुतलं होतं, ते काढायला दोघं वाकले.

दोर पाण्याच्या कडेला पडला होता, एक टोक वाळूत आणि दुसरं समुद्रात. मी वैतागले होते. दमले होते. आई गाडीवर होती आणि ती गाडी माझ्या दारासमोरून काकाच्या घरी जाणार होती, आणि मी पायरीवर बसून चहा पिणार होते. मी वाकले आणि दोर दोन्ही हातांनी उचलला.

"ह्यो बघ माझो हात," मी म्हटलं. "आता आवशीक माझ्याकडे आण."

गाडी तिथंच सोडून एकेक जण आला आणि माझ्या मागे दोराला उभा राहिला. देवेश आला, काकाची सून आली. मी सोडायचं ठरवलं, बोटांना तसं सांगितलंही.

मग पलीकडून त्यांनी ओढायला सुरुवात केली.